गुपिताचं उरलेलं आयुष्य

प्रणिता आजगावकरच्या नवऱ्याची शिक्षा दर सहा महिन्यांनी बदलायची. कधी ती वर्षभराने कमी व्हायची, कधी जेमतेम तीन आठवड्यांनी, आणि एकदा तर चांगली सव्वा वर्षाने वाढली होती. त्या दिवशी घरी येऊन प्रणिताने भाताचं पातेलं असं काही आपटलं की त्याला पडलेला पोचा अजून तसाच आहे.

शिक्षा ही काय ताणायची आणि सोडायची वस्तू आहे का, असं तुम्ही विचाराल. पण कायदाच तसा झाला होता, त्याला ती बिचारी काय करणार? पूर्वी सरकारी नोकरीत बसून देशाचं गुपित बाहेर देणारा सापडला की न्यायाधीश सात, दहा, चौदा अशी काय ती वर्षं सुनावून मोकळे व्हायचे. मग दिल्लीत कुणाच्या तरी डोक्यात आलं की हा सगळा अंदाजपंचे कारभार आहे. एखादं गुपित दोन वर्षांत शिळं होतं, एखादं तीस वर्षं जिवंत राहतं. मग माणसाला शिक्षाही त्याच्या गुपिताएवढीच का देऊ नये? गुपित मेलं की माणूस सुटला. आणि ते मेलं की नाही हे सांगायला आयुर्मापी नावाचं यंत्र आलं.

हे यंत्र कसं चालतं ते प्रणिता कुणालाही सांगू शकायची. अकरा वर्षांत तिने ते इतक्या शेजारणींना समजावलं होतं की तिला ते पाठ झालं होतं. यंत्राच्या पोटात दोन शत्रू असतात. दोघेही गणिताने बनवलेले, खोटे. दोघांकडे जहाजं सारखी, अक्कल सारखी, उघड्या जगातली माहितीही सारखी. फरक एकच. एकाला ते फुटलेलं गुपित दिलेलं असतं आणि दुसऱ्याला नाही. मग दोघांना लाखो वेळा आपल्यावर हल्ला करायला लावायचं आणि गुपित ठाऊक असलेला किती जास्त वेळा जिंकतो ते मोजायचं. तो खूप पुढे असेल तर गुपित अजून तरुण आहे. दोघे बरोबरीत आले की गुपित मेलं. पुढची वर्षं कशी जातील याचा हिशेब करून यंत्र एक आकडा देतं, त्याला म्हणायचं 'उरलेलं आयुष्य'.

"आमच्या कॅनिंगमध्ये आंब्याचा रस किती दिवस टिकेल ते तपासतात ना, तसंच," असं प्रणिता शेवटी म्हणायची. ती कारखान्याच्या त्याच तपासणी खात्यात काम करायची, आणि डबा उघडण्याआधीच आत काय झालं असेल ते ओळखण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. "फक्त आम्हाला रस टिकायला हवा असतो, आणि मला ते मेलं नासायला हवंय."

ते मेलं गुपित काय होतं, तेही सांगायला हवं.

किनाऱ्यापासून दूर, समुद्राच्या तळाशी सरकारने तीनशे बारा कान पेरले होते. कान म्हणजे आवाज टिपणारी उपकरणं. परकी पाणबुडी जवळ आली की तिचा बारीक घरघराट हे कान ऐकायचे आणि तारेतून किनाऱ्यावरच्या केंद्राला कळवायचे. गिरीश आजगावकर त्या केंद्रात साधा तांत्रिक सहायक होता. कान पेरून झाले, पण अडचण अशी झाली की ट्रॉलरची जाळी तळ खरवडत जायची आणि तारा तुटायच्या. मोठमोठ्या इंजिनिअरांनी डोकी फोडून घेतली. गिरीश मात्र रविवारी सासऱ्यांच्या होडीत बसून मासे मारायला जायचा. सासरे, भिकाजी खोबरेकर, पक्के गाबीत, दर्यात हयात गेलेली. एका ठिकाणी गिरीशने जाळं उचललं तसे ते ओरडले, "थंय टाकू नको रे! खाली खडप आसा, फाटतला!"

बस, तेवढ्यावरून गिरीशला सुचलं. पाण्याखालच्या खडपाच्या, म्हणजे खडकाच्या, आसपास एकही शहाणा माणूस जाळं टाकत नाही. मग कान तिथेच ठेवायचे, खडपाच्या आडोशाला. तसे ते ठेवले, आणि तारा तुटायच्या थांबल्या. संचालकांना दिल्लीत पदक मिळालं. गिरीशला एक शाल मिळाली. भिकाजींना काहीच नाही, त्यांना तर आपण काही दिलंय हेही कधी कळलं नाही.

त्या शालीने घात केला. गिरीशला नावाची भूक होती. ती काही वाईट भूक नव्हे, पण गुप्त खात्यात राहून ती भागत नाही. अशा वेळी एक गोडबोल्या गृहस्थ भेटला. समुद्रातल्या आवाजांवर परदेशात एक शोधपत्रिका निघते, तिचा मी संपादक, असं तो म्हणाला. लेख लिहा, पहिलं नाव तुमचंच टाकू. गोव्यातल्या एका हॉटेलात तीनदा चहा झाला, कौतुक झालं, आणि तिसऱ्या चहाला गिरीशने लेखासोबत पुरवणी म्हणून तीनशे बारा जागांची यादी दिली. पैसा म्हणाल तर एक रुपया घेतला नव्हता. कोर्टात त्याचंच सगळ्यांना जास्त हसू आलं.

पण पाच महिन्यांनी जे झालं त्यात हसण्यासारखं काही नव्हतं. अठ्ठ्याऐंशी नंबरच्या कानाची दुरुस्ती करायला दोन पाणबुडे खाली उतरले. त्या कानाला कुणीतरी आधीच येऊन काहीतरी बांधून ठेवलं होतं; हात लागताच ते फुटलं आणि दोघेही वर आले नाहीत. दोघांपैकी एक मुलगा केरळचा होता. दुसरा प्रणिताच्या शेजारच्याच वाडीतला संकेत तारी, वय वर्षं सव्वीस.

संकेतची आई जयवंती तारी. कायद्याने तिला प्रत्येक सुनावणीला एक खुर्ची दिली होती. अकरा वर्षं, बावीस सुनावण्या, आणि बाईने एकही चुकवली नाही. दोघी एकाच एसटीने पहाटे निघायच्या, घाट चढून त्या विशेष कारागृहात पोचायच्या, संध्याकाळी त्याच एसटीने परतायच्या. प्रणिता पुढे बसायची, जयवंती मागे. बावीस वेळा जाऊन येऊन दोघींमध्ये एक शब्द झाला नव्हता. प्रणिता तिच्याकडे बघायचीसुद्धा नाही. कुठल्या तोंडाने बघणार?

तर आता तेविसावी सुनावणी आली होती, आणि ती शेवटची होती. सरकारने गेल्या दोन वर्षांत जुने कान उचलून नवे कान नव्या जागी पेरले होते. हे कागदावर गुप्त होतं, पण यंत्राला ठाऊक होतं. यादी जुनी झाली, दोन्ही शत्रू बरोबरीत आले. वकिलांनी फोन करून सांगितलं, "वहिनी, आकडा शून्य येतोय. येताना त्यांचे कपडे घेऊन या."

प्रणिताने शर्ट घेतला तो दोनदा बदलून आणला. खिडक्यांना रंग दिला. चाळिशी ओलांडलेली बाई, पण कॅनिंगमधल्या पोरी तिला चिडवायला लागल्या, "काय मॅडम, नवीन लग्न ठरलंय काय?" आणि ती चक्क लाजायची. मनातून ती इतकी सुखावली होती की तिला स्वतःचीच भीती वाटायची.

सुनावणीला नऊ दिवस असताना तिचा भाऊ नंदू सुरमई घेऊन आला. बाप गेल्यावर होडी तोच चालवत होता.

"भावजींका बांगडो नको, सुरमईच खावक घालूया," तो म्हणाला आणि पायरीवर बसून मासा कापत गप्पा मारू लागला. "दोन वर्षां पांढरी सरकारी बोट फिरता हा बघ आपल्या दर्यात. गंमत काय म्हायत हा? बरोब्बर बाबांच्या खडपांवर जाऊन उभी रवता आणि खाली कायतरी सोडता. जंय बाबा जाळा टाकूक देयत नसत, थंयच. बाबा आसते तर शिव्या घातल्यो असत्यो."

नंदू हसला. प्रणिताही हसली, आणि तिच्या हातातली परात तशीच राहिली.

तिला सगळं एकदम दिसलं. गिरीशचं नाव केंद्रातल्या सगळ्या कागदांवरून पुसलं होतं, पण त्याने ज्या पोरांना काम शिकवलं ती पोरं आता तिथे साहेब झाली होती. नव्या जागा शोधा म्हटल्यावर ती शोधणार कशी? सरांनी शिकवली तशीच. खडप बघायचा, आडोसा बघायचा. जागा नव्या, पण त्यामागची खूण तीच. यंत्रातल्या शत्रूला जुनी यादी दिली होती. खूण दिली नव्हती, कारण ती फुटली की नाही हे कुणालाच ठाऊक नव्हतं. फुटली असेल तर नवी यादी कुणी चोरायचीसुद्धा गरज नव्हती. नकाशावर खडप शोधले की झालं.

आणि आपला नवरा कौतुकाला किती भुकेला होता, हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक?

दुसऱ्या दिवशी ती भेटीला गेली. काचेपलीकडे गिरीश आला, केस पांढरे झालेले, पण आज दाढी गुळगुळीत. तिथे शिपाई कान देऊन उभा असतो, म्हणून प्रणिता घरगुतीच बोलली.

"बाबांची आठवण झाली काल. जाळं कुठे टाकायचं नाही, ते सांगायचे ना?"

गिरीश हसला. "थंय फाटतला."

"ते तू कुणाकुणाला सांगितलं होतंस?"

"ऑफिसात सगळ्यांना. पोरांना शिकवायचोच मी."

"आणि गोव्याच्या त्या पाहुण्याला?"

त्याचं हसू ओठांवरच थिजलं. तो स्वतःच्या बोटांकडे बघू लागला.

"चहा पिताना," तो म्हणाला. "माझी युक्ती म्हणून सांगितलं गं. बाबांचं नावसुद्धा घेतलं नाही. नंतर सगळ्यांनी यादीचंच विचारलं, मी यादीचंच सांगितलं. ह्यात काय गुपित, असंच वाटायचं. गाबताच्या पोरालाही ठाऊक असतं ते." मग त्याने मान वर केली. "आज का विचारतेस?"

"नंदू म्हणत होता, त्या जागांवर नवे पाहुणे येऊन बसलेत."

गिरीशला कळायला एक क्षण लागला. आणि खरं सांगायचं तर त्या एका क्षणात त्याचा चेहरा उजळला. पोरांनी आपलं शिकवलेलं टाकलं नाही! अकरा वर्षांत असा आनंद तिने त्याच्या तोंडावर पाहिला नव्हता. मग तो आनंद विझला आणि मागून भीती आली.

"गप्प राहा, गिरीश," ती काचेला तोंड लावून म्हणाली. "आठ दिवसांचा प्रश्न आहे. एकदा घरी ये, मग बघू काय ते."

"आणि तोवर कुणी खाली उतरलं तर?"

"मला नको सांगूस ते! अकरा वर्षं मी काय काय ऐकून घेतलंय ते मला ठाऊक. हेराची बायको म्हणून दुकानात उभी राहिले, एसटीत उभी राहिले. आता मला माझा माणूस हवाय, बाकी जग गेलं खड्ड्यात!"

तिला हुंदका फुटला. तो काचेवर हात ठेवून बसला होता. तिला शांत करायला "गप्प राहीन" एवढं म्हणणं त्याला सोपं होतं, पण तो ते म्हणाला नाही. घंटा झाली. परतीच्या वाटेवर तिला त्याचा भयंकर राग आला होता. आणि घाट उतरताना तिच्या लक्षात आलं की तो "बरं" म्हणाला असता तर हा राग याहून मोठा झाला असता. आयुष्यभर त्याच्यासमोर ताट वाढताना तो राग तिच्या हातात राहिला असता.

आठ दिवस तिने कुणालाही काही सांगितलं नाही. तो नाही बोलला तर आपण बोलायचं का, हा प्रश्न ती रोज सकाळी मनाशी काढायची आणि रोज तसाच ठेवायची. सुनावणीच्या दिवशी तिने आंबोळ्या केल्या, काळ्या वाटाण्यांचं सांबारं केलं, दोन माणसांचा डबा भरला आणि नवा शर्ट पिशवीत घातला. एसटीत ती पुढे बसली. मागच्या बाकावर जयवंती होतीच.

सुनावणीच्या खोलीत मंडळाच्या अध्यक्ष देवस्थळीबाई होत्या, निवृत्त न्यायाधीश, अतिशय शिस्तीच्या. भिंतीवरच्या फलकावर आकडा होता: शून्य. यंत्र सांभाळणारी तरुण शास्त्रज्ञ बाजूला बसली होती. बाईंनी कागद वाचून दाखवले आणि शेवटी नेहमीचा प्रश्न विचारला, "सुटकेच्या आदेशावर सही करण्याआधी तुम्हाला काही सांगायचं आहे?"

इथे सगळे कैदी "नाही, आभारी आहे" म्हणतात.

गिरीश उभा राहिला. त्याने एकदा प्रणिताकडे पाहिलं. ती मान हलवून नको म्हणू शकली असती. तिने मान हलवली नाही. नुसती त्याच्याकडे बघत राहिली, आणि डोळ्यांत पाणी आलं तरी तिने नजर काढली नाही.

"मॅडम," तो म्हणाला, "यापुढचं मला दार बंद करून बोलावं लागेल. फलकावरचं शून्य चुकीचं आहे."

बाहेरच्या माणसांना बाहेर काढण्यात आलं. बाहेरची माणसं म्हणजे दोनच, प्रणिता आणि जयवंती. बोळात एकच बाक होता. आजवर दोघींपैकी एक नेहमी उभी राहायची. आज प्रणिता बसली. थोड्या वेळाने दुसऱ्या टोकाला जयवंतीही बसली.

दारावर आतल्यासारखाच एक छोटा फलक होता. त्यावरचं शून्य पुसलं गेलं आणि नुसत्या रेघा आल्या. यंत्र नव्याने मोजत होतं. आत त्या खोट्या शत्रूला आता एक नवी गोष्ट कळली होती, एका म्हाताऱ्या मच्छीमाराची, आणि तो ती घेऊन लाखो वेळा आपल्या किनाऱ्यावर चालून येत होता. बारा मिनिटं गेली. मग रेघा जाऊन आकडा आला.

चार वर्षं दोन महिने.

प्रणिताने पिशवीतला शर्ट घट्ट धरला. दार उघडून देवस्थळीबाई स्वतः बाहेर आल्या. इतक्या वर्षांत असं कधी झालं नव्हतं.

"आजगावकरबाई, आत काय झालं ते मला सांगता येत नाही," त्या म्हणाल्या. "पण एक सांगते. आज सगळा समुद्र नव्याने तपासायचा आदेश निघेल, आणि तो पुरा होईपर्यंत एकही पाणबुडा खाली उतरणार नाही. खरं बोलल्याबद्दल सूट द्यायला या कायद्यात रकाना नाही. मी आत्ता सगळा कायदा चाळला. तो लिहिणाऱ्यांना असं कुणी करील असं वाटलंच नसावं." त्या जायला वळल्या आणि थांबल्या. "भिकाजी खोबरेकर म्हणजे तुमचे वडील ना? ती युक्ती त्यांची होती, असं तुमच्या यजमानांनी आग्रहाने नोंदवून घेतलं. नाव दोनदा तपासून घेतलं."

मग गिरीशला बाहेर आणलं. दोन शिपायांच्या मधून जाताना तो तिच्यासमोर क्षणभर थबकला. माफी मागावी अशा बेताने त्याने तोंड उघडलं, पण प्रणितानेच आधी म्हटलं, "तब्येतीला जप. मी येते पुढच्या भेटीला." आणि तिच्या आवाजात असा काही मान होता की लग्नाच्या एकोणीस वर्षांत गिरीशने तो कधी ऐकला नव्हता. ज्या कौतुकासाठी तो गोव्यापर्यंत गेला, ते त्याला या बोळात मिळालं. तो ताठ चालत गेला.

बाकावर पुन्हा दोघीच उरल्या. जयवंती फलकाकडे बघत होती. तिला वाचता येत होतं, पण वाचलेलं खरं वाटत नव्हतं.

"शून्य होता ना गो?" ती म्हणाली. बावीस फेऱ्यांनंतर ऐकलेला तिचा पहिला आवाज, बारीक आणि घोगरा. "मगे तेणां स्वतःच वाढवून घेतल्यान?"

"होय काकी."

"कित्याक?"

प्रणिताला सगळं सांगता येण्यासारखं नव्हतं. तिने शब्द शोधले. "परत कुणाचं पोर खाली उतरून वर यायचं राहू नये म्हणून."

जयवंतीने पदर तोंडाला लावला. ती रडली की नाही, ते प्रणिताने पाहिलं नाही, कारण ती स्वतःच हमसाहमशी रडत होती. पोटात सकाळपासून काही नव्हतं. एसटीला अजून तीन तास होते.

थोड्या वेळाने बाक करकरला. जयवंती सरकत सरकत तिच्या बाजूला आली होती. प्रणिताच्या मांडीवरची पिशवी तिने उचलली, आतला डबा चाचपून पाहिला.

"जेवलंस काय गो?" तिने विचारलं.

प्रणिताने मान हलवून नाही म्हटलं.

जयवंतीने डबा उघडला. आंबोळ्या दोन माणसांच्या होत्या. तिने एक प्रणिताच्या हातावर ठेवली आणि दुसरी स्वतः घेतली.